मुरब्याचे कैलासवासी

नाशिकच्या स्टँडवरून सकाळची बोईसर गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत पालघर जिल्ह्यातली सगळी थोर माणसं होती, छपाईआधीच्या कच्च्या मुद्रितांच्या रूपात. आमचे मालक जिल्हावार थोरांचे खंड काढतात. इतिहास, विज्ञान आणि कला असे तीन विभाग, प्रत्येक थोराला एक पान, आणि थोर मृत असलाच पाहिजे. हा नियम त्यांनी अनुभवातून केला आहे. मागे एका जिवंत थोराने खंड बाजारात येताच असे काही उद्योग केले की सगळी आवृत्ती गोदामातच राहिली. तेव्हापासून आमच्याकडे थोरपणाची सुरुवात नावाआधीच्या 'कै.'पासून होते. मी तिथे बावीस वर्षं संपादन करते. छपाईआधी जिल्ह्यात जाऊन माहिती पडताळण्याचं काम माझ्याकडे असतं. मालक त्याला सहल म्हणतात.

जव्हारच्या स्टँडवर माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. तिच्या नखांत तांदळाचं पीठ सुकलं होतं. भाचीच्या लग्नाचा चौक (घराच्या भिंतीवर काढतात ते लग्नाचं चित्र) लिहून ती घरी निघाली होती. वारली लोक चित्र काढत नाहीत, लिहितात, ही माहिती मी पूर्वीच एका खंडात छापली होती, त्यामुळे मला फार हुशार वाटलं. मी लगेच विचारलं की जुन्या बायकांत सगळ्यात छान चौक कोण लिहायचं. तिने मनापासून विचार केला आणि सात नावं सांगितली. एकच सांग म्हटल्यावर ती माझ्याकडे जरा कीव आल्यासारखी बघत म्हणाली, "एकीच्यानं कसा व्हईल? चौक सगल्या मिलून लिवतात." आमच्या पानावर सात जणी मावत नाहीत. कलेचं पान तसंही एका नटाला गेलं होतं आणि त्याच्या थोरपणाचा पुरावा म्हणजे त्याच्या जावयाची चार पत्रं होती. विक्रमगडला ती उतरली, आणि ती पत्रं मला पहिल्यांदाच जरा कमी वाटली.

बोईसरला मला घ्यायला माने आले होते. माने मूळचे सोलापूरचे, इथल्या एका रसायनांच्या कारखान्यात तपासनीस आहेत आणि रविवारी इतिहास संशोधन करतात. या खंडाची निम्मी माहिती त्यांनीच पाठवली होती. त्यांनी एक रिक्षा ठरवली. रिक्षावाला गोरखपूरचा होता. आम्ही जुनी ठिकाणं बघायला निघालोय हे कळल्यावर त्याने आरशातून विचारलं, "यहाँ पुराना क्या है, मैडम? सब तो कंपनी है।" माने दुखावले आणि त्यांनी त्याला तारापूरपर्यंत पोर्तुगिजांचा इतिहास ऐकवला.

तारापूरच्या किल्ल्याची भिंत अजून भक्कम आहे आणि आत झाडी माजली आहे. मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला तेव्हा तटाला शिड्या कुठे लावल्या असतील, हे माने हातवारे करून दाखवत होते. त्या शिड्या चढलेल्यांपैकी एकाचंही नाव त्यांना मिळालं नव्हतं. सगळी नावं शिड्यांच्या खाली उभं राहून हुकूम देणाऱ्यांची होती, आणि आमची इतिहासाची पानं त्या हुकूमवाल्यांनीच भरली होती. तिथून दक्षिणेला घिवलीच्या किनाऱ्यावर मी समुद्राचा फोटो काढायला मोबाइल वर केला, तर पहारेकरी सभ्यपणे म्हणाला की अणुवीज केंद्राच्या बाजूला तोंड करून फोटो काढता येत नाही. मग मी समुद्राकडे पाठ करून वाळत घातलेल्या बोंबलांचा फोटो काढला. विज्ञान विभागात केंद्रातलं कुणी का नाही, असं मी मान्यांना विचारलं. ते म्हणाले, तिथले सगळे बाहेरगावचे आणि शिवाय जिवंत आहेत.

विज्ञानाचं पान मिळालं होतं किनाऱ्यावरच्या मुरबे गावातल्या कै. काशिनाथ तांडेल यांना. मला सगळ्या खंडात आवडलेलं पान ते एकच. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा हिशोब आपल्या सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. पण मुरब्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तिथे तो हिशोब चुकतो. या माणसाने खाडीत खुणेची काठी रोवून चाळीसेक वर्षं रोज पाणी मोजलं, जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजूंवर लिहून ठेवलं, आणि कुठल्या तिथीला, कुठल्या वाऱ्यात किती फरक पडतो ते पक्कं केलं. त्याच्या आकड्यांवर गावच्या होड्या दांडा चुकवून आत येत. मला फक्त मृत्यूची तारीख हवी होती. तेवढी जागा कोरी होती.

मुरब्याला उतरताच मी चप्पल खाडीच्या चिखलात घालवली आणि अनवाणीच तांडेलांच्या दारात गेले. ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ जाळं विणत बसले होते. कै. काशिनाथ तांडेलांचं घर हेच का, असं मी विचारलं.

त्यांनी सुई खाली ठेवली. "हेच घर. आन मीच तो. बस बाय, पाय धू."

मान्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. खुलासा झाला तो असा. नातवाने नव्या होडीला आजोबांचं नाव दिलं होतं. नारळी पौर्णिमेला सगळे होड्या सजवतात, तशी त्यानेही सजवली आणि आजोबांनीच दांड्यातली वाट शिकवली म्हणून केबिनमधल्या त्यांच्या फोटोलाही हार घातला. माने ती होडी बघून परस्पर परत गेले. सोलापूरकडे फोटोला हार म्हणजे विषय संपला. कॅलेंडरांची माहिती त्यांना मच्छीमार संस्थेच्या कारकुनाने दिली होती, आणि तांडेल जिवंत आहेत का हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मी मुद्रित दाखवलं आणि नियमही सांगितला. जिवंत माणसाचं पान खंडातून गळतं, हे सांगताना मला शरम वाटली, कारण ते तोवर आपलं पान तिसऱ्यांदा वाचत होते. बोट ठेवून एक आकडाही त्यांनी दुरुस्त केला. हल्ली होड्यांवर यंत्र आलंय, रस्ता पडद्यावर दिसतो, त्यांना कुणी काही विचारत नाही. नातू विचारायचा, तोही आता विचारत नाही. कॅलेंडरांना वाळवी लागली आहे. हे सगळं त्यांनी तक्रार न करता सांगितलं. मग कागद गुडघ्यावर नीट सरळ करून म्हणाले, "छापा तुमी. मेलो असं ऱ्हाऊ द्या. माझी हरकत नाय. छापलेलं ऱ्हातं."

मला खरोखर हायसं वाटलं. मी पिशवीतून कागद काढून त्यांच्याकडून तसं लिहूनही घेतलं. बावीस वर्षांत थोरांच्या वारसांची संमतीपत्रं मी ढिगाने घेतली आहेत, खुद्द मयताची पहिल्यांदाच घेत होते. माने तर इतके खूश झाले की तारीख कुठली टाकायची याची त्यांनी तांडेलांशी चर्चा सुरू केली, आणि तांडेल चांगली तिथी सुचवायला लागले.

तेवढ्यात आतून हिराबाय, म्हणजे त्यांच्या पत्नी, जेवायला वाढलंय म्हणून बोलवायला आल्या. हातभर हिरवा चुडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं आणि मान्यांनी उत्साहाने सगळं समजावून सांगितलं. आत आम्ही तिघं बसलो. पापलेटचं कालवण, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी त्यांनी मला वाढली, मान्यांना वाढली, आणि नवऱ्याचं ताट रिकामंच ठेवून भांडं बाजूला सारलं.

तांडेलांनी ताटाकडे बघितलं, मग बायकोकडे.

"मेलेल्याला वर्सातून एकदाच वाढतात," त्या म्हणाल्या. "पितरपाटात ये."

तांडेल हसले. मीही हसले. त्या हसल्या नाहीत. माझ्यासमोर पाटावर बसल्या आणि सावकाश बोलायला लागल्या. हा दर्यात जायचा तेव्हा वादळात तीन-तीन दिवस खबर नसायची. शेजारपाजारच्या बायका येऊन बसायच्या, रडायला लागायच्या. त्यांना हिराबाय घराबाहेर काढायच्या. एकदा दीर म्हणाला की आता आशा नाही, तर त्याच्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. "मी कवा एकदाबी बोलली नाय का हा मेला. दर्यात होता तवा बोलली नाय. आता घरात बसलाय, आन तू लिवतं? मी काय करू, बांगड्या फोडू?"

मी तांडेलांकडे बघितलं, कारण पान त्यांचं होतं. ते बराच वेळ रिकाम्या ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. त्यांना ते छापलेलं किती हवं होतं हे मी नुकतंच पाहिलं होतं, आणि हिराबायनी तर त्याच्या कितीतरी आधीपासून पाहिलेलं असणार.

"खोडा, बाय," ते शेवटी म्हणाले.

मी तिथेच, हात न धुता, डाव्या हाताने पेन काढून 'कै.' खोडलं. मग नियमाप्रमाणे सगळ्या पानावर काट मारली. ती मारताना मला रडू आलं, आणि हिराबायनी ते कालवणाच्या तिखटावर ढकलून मला पाणी दिलं. मग त्यांनी भांडं ओढलं आणि नवऱ्याला पापलेटचा मधला तुकडा वाढला. ते मान खाली घालून जेवले. भात मागून घेतला.

निघताना हिराबायनी मला स्वतःच्या चपला दिल्या. परतीच्या गाडीत माने नव्हते, त्यामुळे मला वाईट वाटून घेण्याइतका निवांतपणा मिळाला. चाळीस वर्षांच्या पाण्याचा हिशोब वाळवी खात होती, आणि तो वाचवायला त्या माणसाने फक्त थोडं मरायचं होतं. कॅलेंडरांचे मी मोबाइलवर फोटो काढून आणले आहेत. पण आमच्या मालकांना नुसता हिशोब चालत नाही, हिशोबाला माणूस लागतो आणि तो गेलेला लागतो.

विज्ञानाचं पान बोईसरच्या एका कारखानदारांना गेलं. त्यांनी विज्ञानात काय केलं ते अजून कळलेलं नाही, पण त्यांचं निधन अगदी कागदोपत्री झालेलं आहे. तांडेलांचं पान मालकांनी फेकलं नाही. चांगलं आहे, दुसऱ्या आवृत्तीला उपयोगी पडेल म्हणाले आणि खणात ठेवलं. तेव्हापासून दर महिन्याला ते माझ्या टेबलापाशी येतात आणि सख्ख्या नातेवाइकाने करावी तशी चौकशी करतात, मुरब्याकडून काही कळलं का.

मी मुरब्याला फोन लावते. हिराबाय उचलतात, आणि मी काही विचारायच्या आत सांगतात की हाय, जेवतो हाय. मी मालकांकडे वळून म्हणते, ठणठणीत आहेत. इतक्या वर्षांच्या नोकरीत मालकांची निराशा करताना मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.