चुलीच्या राखेतली दोघं

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी मंगरूळपीरला घरी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "तुई ताई गेली वं," एवढंच म्हणाले आणि फोन तसाच चालू राहिला... मागे बायकांचा गलका आणि एका कुत्र्याचं कुंईकुंई ऐकू येत होतं. ऐन थंडीत, मेथीच्या जुड्या बांधता बांधता ताई वाफ्यातच कलंडली होती.

माझी ही थोरली बहीण आसेगावजवळ भाजीपाला पिकवायची. शेलूबाजारात तिची मेथी हातोहात खपायची, पण गावात तिची ख्याती होती ती कुत्र्यांमुळे. भुऱ्या आणि चिंगी, दोन्ही मांजरापेक्षा जेमतेम मोठी. हिवाळा लागला की ताईच्या अंगात यायचं. एका वर्षी तिने भाऊजींच्या चांगल्या स्वेटरच्या दोन्ही बाह्या कापल्या आणि एकेक बाही एकेकाच्या अंगात चढवली. भाऊजी थंडीभर हाफ स्वेटरवर बाजाराला गेले. "या घरात कुत्र्याले मान हाय, मले नाई," असं साऱ्या गावाला सांगायचे. ताई म्हणायची, "तुमी बिडी पेटवता, त्याइले काय पेटवता येते?" गॅस येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी तिची भाकरी चुलीवरच व्हायची. संध्याकाळच्या भाकरी झाल्या की निखारे मागे सारायची, पुढची राख हाताने चाचपून पाहायची आणि "या जी सायब" म्हणून दोघांना बोलवायची. सकाळी चुलीतून राखाडी रंगाची दोन भुतं उठायची. मी नाक मुरडायची. स्पष्टच सांगते, मला कुत्री आवडत नाहीत.

तिसऱ्या दिवशी राख सावडेपर्यंत आमच्याकडे मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत, जेवण भावकीतून येतं. माणसांची सोय झाली. दहनाच्या संध्याकाळी ही दोघं मात्र सवयीने चुलीपाशी गेली, तर राख गार. मी गोधडी टाकली, तिच्यावर येईनात. चिंगी म्हातारी, छाती भरलेली. ती अशी थरथरायला लागली की माझ्यासारखीलाही बघवेना. भाऊजींच्या आत्याबाई म्हणाल्या, "गोठ्यात बांधा त्याइले." स्मशानातून आल्यापासून भिंतीला टेकून बसलेले भाऊजी उठले, अंगणातून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आणल्या आणि चुलीपुढे बसले.

"काय करून राह्यला तू? घरात सुतक हाय!"

"मानसासाठी नाई पेटवून राह्यलो, आत्या. कुत्र्याले कायचं सुतक?"

आत्याबाई खूप बोलल्या. ताईच्या जिवाला गती मिळणार नाही, इथपर्यंत बोलल्या. तेरवीला त्या आल्या नाहीत, आणि त्यांच्यामागे भावकीतली अर्धी घरंही आली नाहीत. "नाई आले तं नाई आले," भाऊजी म्हणाले, पण पंगतीतल्या रिकाम्या जागेकडे ते पुन्हा पुन्हा बघत होते. मला आत्याबाईंचा राग आहे, तो जाणार नाही. तरी त्यांचं ते गतीचं बोलणं मनात रुतून बसलंय. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आणि तरीही...

परवा दिवस मावळताना मी गेले तर भाऊजींनी चूल पेटवलेली, पण वर ना तवा, ना भांडं. शेजारून आलेला डबा तसाच झाकलेला. माणूस निम्मा झालाय. कुत्री मात्र राखेच्या कडेला मजेत पसरलेली. मी म्हटलं, "भाऊजी, थंडीपुरते माझ्याकडे चला. या दोघांनाही आणा." मी हे म्हणतेय, यावर माझाच विश्वास बसेना.

त्यांनी चुलीतली जळकी काडी आत सारली. मग म्हणाले, "आत्याले म्या खोटं सांगतलं वं. कुत्र्यासाठी नव्हती पेटवली."

"मग?"

"तिले पोचवून आलो तवापर्यंत कायीच समजत नव्हतं. मंग हे चूल थंडी दिसली... अन् मले वाटलं, आता ते खरंच गेली."

जाळ उतरत आला होता. मी उठले आणि अंगणातून आणखी पऱ्हाट्या आणल्या.