शेळ्यांच्या साइटचा दाखला

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. दरोडे, मारामाऱ्या, चोऱ्या यांतलं बरंचसं आता पुसट झालं आहे. बेंबळीच्या बाजूच्या एका गावातलं हे प्रकरण मात्र अजून शब्दन् शब्द आठवतं.

मी तेव्हा धाराशिव जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल पाहत असताना पाच-सहा बाया आत आल्या. शेळ्या पाळणाऱ्या महिलांचा गट होता. आपल्या उस्मानाबादी शेळ्या-बोकडांचे फोटो, वय, वजन त्या स्वतःच्या वेबसाइटवर टाकत. बकरी ईद जवळ आली होती आणि साइट बघून थेट हैदराबादेकडची गिऱ्हाईकं गाड्या घेऊन येत. गटाच्या अध्यक्षबाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. साइटऐवजी लाल पडद्यावर इशारा दिसत होता: ही जागा सुरक्षित नाही, तुमची माहिती चोरली जाऊ शकते.

"साहेब, कुनीतरी आमची साइट फोडली. लोक आमालाच चोर म्हनायलेत," त्या म्हणाल्या.

संशय कुणावर, असं विचारल्यावर बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग नाव निघालं. गटातल्याच एका घरची शिकलेली सून. साइट तिनेच उभी केली होती आणि तीनच आठवड्यांपूर्वी भांडून ती गटातून बाहेर पडली होती. नाव लिहीत नाही. सासरे तिला सूनबाई म्हणत, मीही तेच म्हणतो.

दुपारी बीट अंमलदाराने बाजारातून खबर आणली. भांडणाच्या दिवशी सूनबाई चारचौघींत म्हणाली होती, "म्हैनाभरात साइट बंद पडंल, बगा." घटना आणि शब्द तंतोतंत जुळत होते. माझे सहकारी म्हणाले, गुन्हा दाखल करून टाकू. पण मी बायांचा तक्रारअर्ज आधी चौकशीवर ठेवला. पहिल्याच दिवशी सगळं जुळून आलं की मला जरा शंका येते.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. महिला हवालदाराला घेऊन मीच तिच्या घरी गेलो. दारात सासरे उभे होते. जन्मभर शेळ्या-मेंढ्या राखलेला माणूस.

"साहेब, सुनंला घिऊन जाणार का?"

"नाही मामा. फक्त विचारायला आलोय."

सूनबाई गोठ्यातून हात धुऊन आली. मी सरळच विचारलं, "ताई, साइट तुम्ही बंद पाडली?"

"साइट बंद न्हाय, साहेब. तिचा दाखला संपलाय."

मला काही उमगलं नाही. तिने शांतपणे समजावलं. साइट ज्या सर्व्हरवर असते, त्याला सुरक्षेचा दाखला लागतो. त्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्ज बनवताना सर्व्हरवर एक गुप्त किल्ली तयार होते. ती कुणालाच द्यायची नसते. दाखला देणारी कंपनी साइटच्या पत्त्यावर मेल पाठवते, पत्ता खरंच तुमचा आहे का ते तपासते आणि ठरावीक मुदतीचा दाखला देते.

"म्हणजे आमची चारित्र्य पडताळणीच की!" मी म्हणालो. आमचा शिपाईही पत्त्यावर जाऊन माणूस तिथंच राहतो का, ते बघून येतो.

"व्हय. आन् मुदत संपली की नवा अर्ज. पण मेल गटाच्या फोनवर येतो, आन् फोन त्यांनी माज्याकडून काढून घेतला. म्हैनाभरात बंद पडंल, हे मी सांगितलं हुतं. धमकी न्हवती ती."

तिने स्वतःचा मोबाइल दाखवला. अध्यक्षबाईंना उद्देशून गटाच्या नंबरवर तीन निरोप पाठवले होते. तिन्हींपुढे एकच टिक. पोचले नव्हते.

संशयिताने दाखवलेली गोष्ट दुसऱ्या टोकाकडून तपासायची, ही माझी जुनी सवय. तसाच अध्यक्षबाईंकडे गेलो. गटाचा फोन त्यांनी पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली बंद करून ठेवला होता. कुणाच्या हाती लागू नये म्हणून! चार्जिंगला लावून चालू केला आणि तो थरथरायला लागला. दाखल्याची मुदत संपत आल्याचे मेल एकामागून एक आले. मग सूनबाईचे निरोप. महिला हवालदाराने शेवटचा मोठ्याने वाचला: "काकू, माझ्यावर राग धरा, पण फोन चालू करा. ईदच्या तोंडावर साइट बंद पडली तर सगळ्यांचं नुकसान व्हईल."

भांडणाचं कारणही तेव्हा अध्यक्षबाईंनीच सांगितलं. त्यांच्या बोकडाचा फोटो पहिल्या पानावरून खाली गेला होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सूनबाईच्या ओसरीवर लॅपटॉप उघडून सगळ्या बसल्या. तिने अर्जात गटाचं नाव, गाव, जिल्हा भरला. खात्री करणारा मेल आला, तेव्हा तिने फोन अध्यक्षबाईंच्या हातात दिला. "काकू, तुमीच दाबा." दुपारपर्यंत दाखला आला, तिने तो बसवला, आणि पत्त्यापुढे कुलपाची खूण दिसली. गटात परतायला सूनबाईने एकच अट घातली: हे काम आणखी दोघींनी शिकायचं. मान्य झाली.

खबऱ्या शब्द आणतो, सूर आणत नाही, हे मी त्या प्रकरणात शिकलो. इशारा आणि धमकी कागदावर सारखीच दिसतात. गुन्हेगार कोण, हे विचारण्याआधी गुन्हा झालाय का, हे विचारावं, असं मी पुढे प्रत्येक नव्या उपनिरीक्षकाला सांगत आलो.

अर्ज निकाली काढायला अध्यक्षबाई ठाण्यात आल्या. "माझी आता कोणाविरुद्ध तक्रार नाही," एवढं लिहून अंमलदाराने सहीसाठी कागद पुढे केला. त्यांनी पेन घेतलं नाही.

"आजून एक वळ लिवा. पोरीनं येळंवर सांगितलं हुतं, म्याच ऐकलं न्हाय."

अंमलदार म्हणाला, "मावशी, याची गरज नाही."

"तुमाला नसंल. मला हाय."

मी त्याला लिहायला सांगितलं. नोकरीत पुष्कळ कबुलीजबाब घेतले, बहुतेक पुरावा समोर ठेवल्यावर आलेले. कुणी न मागता दिलेला हा एकच.