अम्माची पाच कार्डं

टीव्हीवर नटनट्यांच्या नाचाची स्पर्धा लागली की मी उठून स्वयंपाकघरात जाते. माझ्या मुलीला वाटतं, आईला असले थिल्लर कार्यक्रम सहन होत नाहीत. सहन होत नाहीत कसले! एके काळी असल्या स्पर्धेसाठी मी रविवारची वाट बघत आठवडा काढायचे. मी आणि अम्मा, दोघीही. पुढं मी जे केलं त्याच्यानंतर मात्र कुणी स्टेजवर घुंगरू बांधून उभं राहिलं की मला तिथं बसवत नाही. मुलीला हे कधी सांगितलं नाही. तिला माझ्या अम्माची अक्षरंच वाचता येत नाहीत, तर सांगू कुठून?

बेंगळूरला मल्लेश्वरममध्ये आमचं छोटं घर होतं. अप्पांचं शिवाजीनगरात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही मराठी, पण आमचं मराठी म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी कुणा पूर्वजानं घोड्यावरून आणलेलं आणि नंतर इथल्याच पाण्यावर वाढलेलं. घरात बोलायचं मराठी, शाळा कन्नड, बाजार कन्नड. अम्मा मराठी लिहायची ते कन्नड अक्षरांत. तिला दुसरी अक्षरं कुणी शिकवलीच नव्हती. तुमकूरच्या मावशीला पत्र, लोणच्याचं प्रमाण, वाण्याची यादी, सगळं तसंच, गोल गोल. लहानपणी मला वाटायचं, मराठी दिसतंच असं. शाळेत हिंदी आलं तेव्हा मला नागरी अक्षरं कळली, आणि ती फक्त मलाच येतात याचा मला भारी गर्व झाला. गर्व व्हायला तेवढंही पुरतं म्हणा.

वरचा मजला आम्ही भाड्यानं दिला होता. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तिथं पुण्याचं एक कुटुंब राहायला आलं. काका एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनियर होते, काकू घरी असायच्या आणि त्यांची मुलगी माझ्याच वयाची होती. ती बोलायला लागली की मी गप्प ऐकत बसायचे. 'मला स्वल्प दे', म्हणजे थोडंसं दे, असं मी एकदा बोलून गेले, तर ती हसली. वाईट हेतूनं नव्हे हो, तिला खरंच गंमत वाटली होती. मी मात्र त्या दिवसापासून जिभेवर पहारा बसवला. घरात अम्मा 'बरं, बरं'ऐवजी 'सरी, सरी' म्हणाली की मला राग यायचा. मालक आम्ही, भाडेकरू ते, आणि त्यांच्या जिन्यावर पाय ठेवताना मी मनातल्या मनात वाक्य जुळवून घ्यायचे.

वरच्या काकांनी केबलवाल्याचा पिच्छा पुरवून मुंबईचं मराठी चॅनल लावून घेतलं होतं. चित्रात मुंग्या असायच्या, पण दिसायचं. आमच्याकडे केबल नव्हती. अभ्यास बुडतो असं अप्पांचं मत होतं. म्हणून दर रविवारी पाच वाजता अम्मा आणि मी वर जायचो. त्या हिवाळ्यात तिथं नाचाची स्पर्धा सुरू झाली होती. मालिकांतले दहा कलाकार होते, त्यातल्या एकालाही धड नाच येत नव्हता. दर आठवड्याला प्रत्येकानं एक नाच करायचा, तीन परीक्षकांनी गुण द्यायचे, आणि प्रेक्षकांनी आपल्या आवडत्या कलाकाराच्या नावानं पोस्टकार्ड पाठवायचं. गुण आणि कार्डं मिळून जो मागे पडेल तो घरी. शिवाय प्रत्येक भागात एक कार्ड पत्ता आणि नावासकट वाचून दाखवायचे.

आमची 'ती' त्या दहांत सगळ्यात कच्ची. एका मालिकेत ती सोसणारी सून होती, दोन वर्षं नुसती रडत होती. तिशी उलटलेली, अंगानं भरलेली, नाचताना ओठ हलवत ताल मोजणारी. मला ती आवडायची कारण ती फार छान मराठी बोलायची. अम्माला का आवडायची ते अम्मानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं: हिला नाचाय येत न्हाई, तरी नाचतेय की. तेव्हा मला ते कारण अडाणीपणाचं वाटलं. आता वाटतं, त्या अख्ख्या कार्यक्रमात बघण्यासारखं तेवढंच होतं. ज्यांना येतं त्यांचा नाच बघून आपण वा म्हणतो आणि विसरतो. ज्याला येत नाही तो सगळ्यांसमोर उभा राहतो, तेव्हा आपला श्वास अडकतो.

तिसऱ्या रविवारी ती पडली. साडीच्या काठात पाय अडकला आणि धप्पकन बसली. गाणं चालूच राहिलं. एक परीक्षक गालात हसला, ते कॅमेऱ्यानं नेमकं दाखवलं. ती क्षणभर तशीच बसली, मग उठली, आणि जिथं पडली होती तिथून पुढं नाचायला लागली. म्हणजे गाणं पुढं गेलेलं आणि ही मागं. शेवटपर्यंत मागंच राहिली, पण एक पाऊल गाळलं नाही. गाणं संपल्यावर नुसत्या शांततेत तिनं राहिलेल्या चार गिरक्या घेतल्या.

अम्मा मांडीवर ताट घेऊन अवरेकाळू सोलत बसली होती. ती पडली तशी अम्मा ताडकन उभी राहिली. ताट उलटलं, काकूंच्या चकचकीत फरशीवर दाणे विखुरले. ती टीव्हीतली उठली, नाचायला लागली, तेव्हा कुठं अम्मा खाली बसली. नंतर आम्ही तिघींनी सोफ्याखाली हात घालून दाणे गोळा केले. काकू हसत म्हणाल्या की असू दे, पावटे काय, वेचता येतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मानं माझ्या हातात एक पिवळं कार्ड ठेवलं. पोस्टात टाक म्हणाली. आमच्या घरातून टीव्हीला कुणी पत्र लिहावं हेच मला नवल होतं. मी जाता जाता वाचलं. गोल अक्षरांत लिहिलं होतं: 'तू पडलीस तवा मी घरात उठून हुबी राहिले. तू उठलीस मग मी बसले. आता तू पडू नको, आणि पडलीस तरी मी हाय.' खाली तिचं नाव, आमच्याकडच्या पद्धतीनं शेवटी बाई लावलेलं.

पेटीपाशी वरची मुलगी भेटली. कार्ड बघून तिनं विचारलं, "हे कन्नड आहे का गं?"

मी म्हणाले, "हो."

एवढंच. कुणी छळ केला नव्हता माझा, की धमकी दिली नव्हती. एका अक्षरात मी अम्माचं मराठी नाकारलं आणि कार्ड पेटीत न टाकता वहीत सरकवलं.

रात्रभर काही पश्चात्ताप वगैरे झाला नाही, उगाच खोटं कशाला सांगू. उलट मी स्वतःची समजूत घातली. मुंबईत ही अक्षरं वाचणार कोण? कार्ड केराच्या टोपलीत जाणार, तिचं एक मत बुडणार आणि ती घरी जाणार. तेव्हा मीच नागरीत उतरवून पाठवलं तर अम्माचंच काम होईल. इथवर ठीक होतं. मी नवं कार्ड आणलं आणि लिहायला बसले. 'तवा'चं 'तेव्हा' केलं. 'हाय'चं 'आहे' केलं. आणि नावाच्या जागी आले तेव्हा माझा हात थांबला. इतक्या शुद्ध मराठीखाली ते नाव कसंतरीच दिसेल असं वाटलं. मी माझं नाव लिहिलं. मला लाज वाटत होती. माझ्या आईची लाज वाटत होती. याला दुसरा शब्द नाही.

पुढं दर सोमवारी तेच. अम्मा कार्ड द्यायची, मी ते उतरवायचे, खाली माझं नाव घालायचे आणि तिचं कार्ड हिंदीच्या शब्दकोशात लपवायचे. अशी पाच कार्डं झाली. दर रविवारी कार्ड वाचायची वेळ आली की अम्मा पदर सावरून बसायची. जणू तिलाच स्टेजवर बोलावणार होते. दुसऱ्याचं नाव आलं की म्हणायची, "सरी, पुढल्या वारी." आमची ती मात्र एकेक आठवडा तगत गेली. अम्माला खात्री होती की आपल्या कार्डांनीच तगतेय. मला तिच्याकडे बघवायचं नाही, आणि तरी कार्ड वाचलं जावं असं मलाही वाटायचं. माझ्या नावाचं.

शेवटचा भाग आठव्या रविवारी झाला. आमची ती तिसरी आली, म्हणजे हरलीच. अम्मानं डोळे पुसले. मग निवेदक म्हणाला की एक कार्ड त्यांनी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवलंय, बेंगळूरहून आलेलं. आणि त्यानं माझं नाव घेतलं.

पहिल्या क्षणी मला आनंद झाला. हे लिहितानाही कान गरम होतात, पण झाला. वरच्या मुलीनं माझा दंड धरून हलवलं. आणि मग तो वाचू लागला: तू पडलीस तेव्हा मी घरात उठून उभी राहिले. तू उठलीस, मग मी बसले. टीव्हीतली ती तोंडावर हात घेऊन रडायला लागली. टाळ्या वाजत होत्या. अम्मा टाळ्या वाजवत नव्हती. तिचे ओठ हलत होते. निवेदकाच्या अर्धा शब्द आधी तिला पुढचा शब्द माहीत होता.

काकूंच्या लक्षात आलंच. त्या भाबडेपणानं बोलून गेल्या, "अहो, पण उभ्या तर तुम्ही राहिला होतात ना? पावटे सांडले होते बघा."

अम्मानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग काकूंना म्हणाली, "न्हाई, दोघी बी उठलो होतो."

आम्ही जिना उतरून खाली आलो. मला वाटलं आता ती बोलेल, निदान एक थोबाडीत देईल. मला ती हवीच होती. अम्मानं कुकर चढवला, डाळ धुतली. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "मराठी चांगलं लिवलंस." आणि थोड्या वेळानं, "माजी कार्डं ठेवलीस काय टाकलीस?"

मी शब्दकोशातून पाचही कार्डं काढून दिली. माफी मागायला तोंड उघडलं, पण तेव्हाही मी मनात वाक्य जुळवतच बसले, आणि तोवर ती कामाला लागली होती. तिनं ती कार्डं फाडली नाहीत, जाळली नाहीत. फळीवर डब्यांखाली कागद बदलायचे होते, तिथं घातली. पुढं दोन वर्षं मी हळदीचा डबा उचलला की खाली तिचं अक्षर दिसायचं. महिन्याभरानं मुंबईहून त्या नटीचा सही केलेला फोटो आला, माझ्या नावानं. मी तो अम्माला दिला. ती म्हणाली की नाव तुझं आहे, तूच ठेव. वरच्या मुलीनं मागितला तेव्हा मी तिला देऊन टाकला.

अम्मा त्यानंतरही रविवारी वर जायची, पण एकटी. माझा अभ्यास असायचा. म्हणजे मी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसायचे. ती तिथं काकूंबरोबर काय करते हे मी कधी विचारलं नाही.

दोन वर्षांनी काकूंच्याच ओळखीनं माझं पुण्यात लग्न झालं. निघताना मी अम्माला पत्र लिही म्हणून तीनतीनदा बजावलं. सासरी शुद्ध मराठीचा पूर होता, आणि मला आता त्याचा वीट आला होता. पोस्टमनची वाट बघताना मी ती गोल अक्षरं, तो 'तवा' आणि ते 'स्वल्प' मनात घोळवत होते. तिनं लिहिलं म्हणजे तिनं माफ केलं, असं मी ठरवून टाकलं होतं.

पत्र आलं. काकूंच्या सुरेख नागरी अक्षरात. 'चि. सौ. हीस अनेक आशीर्वाद. येथील सर्व कुशल, तिकडील क्षेम कळवीत जावे.' क्षेम! माझ्या अम्माच्या तोंडातून जन्मात तो शब्द निघाला नव्हता. शेवटी मात्र दोन शब्द वेगळ्या हाताचे होते, वाकडे, एकेक अक्षर घाबरत काढलेलं, वरची रेघ कुठं चढलेली, कुठं उतरलेली: 'तुझी आई.' म्हणजे वर जाऊन ती हे शिकत होती. मी तिला जन्मभर अम्मा म्हणत आले होते.

मी त्याच दुपारी उत्तर लिहिलं. कन्नड अक्षरांत, आमच्या घरच्या मराठीत, चार पानं. कार्डांचं सगळं लिहिलं. मला लाज वाटली होती आणि ते चुकलं, असं सरळ लिहिलं. मला तुझ्याच अक्षरातलं पत्र पाहिजे, म्हणून विनवलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पुन्हा काकूंचंच अक्षर. अप्पांची तब्येत, दुकान, वरच्या मुलीचं ठरलेलं लग्न. कार्डांबद्दल एक शब्द नाही. आणि सगळ्यात शेवटी, सहीच्या वर: 'तुझे पत्र पोचले. परंतु तशा अक्षरांत लिहीत जाऊ नकोस. सासरच्या माणसांनी पाहिले तर तुला हसतील.'