चुडा आणि अंगठी

साठ सालाच्या आसपास मी कळंबकडच्या एका मिशन दवाखान्यात नर्स होते. दवाखाना आणि त्याला लागून असलेली शाळा उभी केली ती साता समुद्रापलीकडून आलेल्या एका पाद्रीसाहेबांनी. त्यांच्या देशातल्या चर्चमध्ये त्यांचा मोठा मान. तिकडे भाषणं करून मदत जमवायची आणि इकडे येऊन विहिरीच्या गाळात स्वतः उतरायचं, असा हा माणूस. माझी त्यांच्यावर फार माया होती.

त्यांनी दाराशी पाटी लावली होती : दागिने उतरवूनच आत यावे. स्वच्छतेसाठी नियम सोळा आणे योग्य होता आणि मी तो कडकपणे पाळायला लावायची. तांड्यावरच्या बंजारा बाया मात्र दवाखान्याकडे फिरकत नसत. त्यांना सुईची भीती वाटते, अशी आम्ही आपली समजूत करून घेतली होती.

एकदा त्यांच्यातली एक आली. कोपराच्या वर गच्च चुडा, त्याखाली गळू पिकून दंड टम्म सुजलेला, हाडाच्या बांगड्या मांसात रुतलेल्या. त्या कापल्याशिवाय डॉक्टरांना चीर देता येईना. तिनं हात छातीशी धरला.

"नवरा जिता हाय माया. तो असताना चुडा कशी उतरवू?"

"हात सडला तर चुडा घालशील कशावर?" मी फटकारलं. गोडीनं बोलायची मला कधी सवयच नव्हती. ती सरळ उठून चालू लागली. अशी गेली तर हात जाणार, कदाचित जीवही. मी धावत जाऊन साहेबांना बोलावलं.

साहेबांचं मराठी पुस्तकी. "भगिनी, हे अलंकार काढणे आवश्यक आहे."

ती त्यांच्या बोटाकडे पाहत होती. "तुमची बायको कुठी हाय?"

"ती देवाघरी गेली. पुष्कळ वर्षे झाली."

"मंग हे अंगठी काहून नाही काढली?"

साहेबांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. लग्नातली ती अंगठी घालून ते रोज वॉर्डात फिरत, पण तिला दागिना म्हणायचं आमच्यापैकी कुणाला सुचलंच नव्हतं. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुमचे पती जवळ बसले तर चालेल काय?"

तिनं विचार केला. "समोर दिसत राह्यला, त चालते."

नवरा बाहेर बैलबंडीपाशी बिडी ओढत होता. त्याला आणून स्टुलावर बसवलं. डॉक्टर बारीक करवतीनं एकेक बांगडी कापत गेले आणि ती सारा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. तो बिचारा लाजून चूर. "अशी काय पाहून राह्यली? मी कुठी चाललो?"

हात वाचला. पाटी साहेबांनी त्याच संध्याकाळी स्वतःच्या हातानं उतरवली. तांड्यावरच्या बाया येऊ लागल्या, आणि त्यांच्या बांगड्या स्पिरिटनं पुसता पुसता मी कुरकुरू लागले.

पुढं साहेब थकले आणि मायदेशी परत निघाले. निरोपाला ती नवा चुडा घालून आली.

"साहेब," ती म्हणाली, "तुमी मरसान तवा बी ते अंगठी कोनाले काढू देऊ नोका."

साहेबांना नीट कळलं नसावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शुद्ध मराठीत सांगायला तोंड उघडलं आणि मला रडूच आलं.