मी टाइप केलेली मंजुषा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. हे आधीच सांगते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कुणी "ताई, घराची शांती करून घ्या" असा सल्ला द्यायला नको. मी वेबसाइट बनवते, त्याही ओपन सोर्स सीएमएस वापरून. सीएमएस म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा समजा... फुकट उतरवून घ्यायचा, आपला मजकूर-फोटो भरायचे, हवं तसं रूप द्यायचं. जगभरची माणसं मिळून तो लिहितात आणि त्यातली ओळन् ओळ कुणालाही वाचता येते. एवढ्या उघड्या कारभारात रोज काम करणाऱ्या बाईला गूढबिढ पटत नाही. काही बिघडलं की त्याला कारण असतं आणि ते मला सापडतं. एकदाच सापडलं नाही, ते सांगते.

आम्ही सुरतला भेस्तानमध्ये राहतो, मूळचे अमळनेरकडचे. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते, आता घरीच असतात. दादा पलसाण्याला कापड रंगवण्याच्या कारखान्यात आहे. पस्तिशी ओलांडली तरी त्याचं लग्न ठरत नव्हतं. त्याचे हात कायम रंगलेले. नखांच्या कडा निळ्या-जांभळ्या, काही केल्या जात नाहीत. मुलगी बघायला गेलं की पोह्यांची बशी घेताना मुलीकडच्यांचं लक्ष नेमकं तिथे जायचं, आणि मग "कळवतो" असा निरोप. शेवटच्या नकारानंतर त्याने आईला सांगून टाकलं की आता पुरे, मला कुठे नेऊ नका. आई त्या दिवशी जेवली नाही.

त्याच सुमारास आमच्या खानदेशी मंडळाचे सेक्रेटरी भास्करअप्पा यांनी वधू-वर सूचीची वेबसाइट करायचं काम मला दिलं. सीएमएस फुकट मिळते म्हटल्यावर अप्पांना आनंद होण्याऐवजी संशयच आला. देणाऱ्याचा यात फायदा काय, हे ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. शेवटी म्हटलं, अप्पा, भंडाऱ्यात लोक वाढायला उभे राहतात ना, तसंच समजा. तेव्हा कुठे पटलं.

काम माझ्या लॅपटॉपवर चालू होतं. नीट लक्षात घ्या – फक्त लॅपटॉपवर. साइट इंटरनेटवर गेलेलीच नव्हती, तिचं डोमेनसुद्धा घ्यायचं बाकी होतं. स्थळाचं पान कसं दिसतं हे बघायला आधी खोटी माहिती भरावी लागते, त्याला आम्ही डमी डेटा म्हणतो. रविवारी दुपारी दादा समोर जेवत होता. चिडवायला म्हणून मी म्हटलं, थांब, तुझ्यासाठी एक मुलगी बनवते, बोल कशी हवी. तो भाकरी मोडत राहिला. मग मीच मनाला येईल ते टाइप केलं. नाव मंजुषा. राहणार कडोदरा. बालवाडीत शिकवते. डावखुरी. अपेक्षांच्या रकान्यात लिहिलं, "मुलाचे हात रंगलेले असले तरी चालतील. घरी आल्यावर त्याने माझ्याशी मोकळेपणाने बोलावं." आणि स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्याने वाचलं, ताट उचललं आणि आत निघून गेला. मला फार वाईट वाटलं.

दोन-चार दिवसांनी अप्पांचा फोन, आवाज चढलेला. कडोदऱ्याचे एक गृहस्थ त्यांच्याशी भांडले होते – आमच्या बहिणीची माहिती आम्हाला न विचारता मंडळाच्या साइटवर टाकलीच कशी? मी म्हटलं, अप्पा, साइटच नाहीये अजून. पण ऐकून घेतील तर ते अप्पा कसले! दुपारी आम्ही दोघं रिक्षाने कडोदऱ्याला गेलो. मी अगदी कॉन्फिडंट होते. दुसऱ्याच कुणाच्या साइटवर पाहिलं असणार, दोन मिनिटांत दाखवून देते.

त्या गृहस्थांच्या ओट्यावर एक बाई बालवाडीसाठी फळांचं चित्र रंगवत बसली होती. ब्रश डाव्या हातात होता.

तीच मंजुषा. मोबाइलवर चित्रांचे नमुने शोधताना मध्येच ते पान उघडलं, असं तिने सांगितलं. भावानेही वाचलं, त्यावरूनच अप्पांचा नंबर उतरवून घेतला. नंतर कितीही शोधलं तरी ते पान सापडलं नाही. मी लॅपटॉप उघडून माझं पान दाखवलं. भाऊ म्हणाला, हेच. वरची पट्टी, नंबर, अक्षरांचा रंग, सगळं हेच. मी माफी मागितली आणि म्हटलं की ही बाई मी मनाने रचलेली आहे. बोलताना माझं मलाच विचित्र वाटत होतं, कारण बाई समोर बसली होती.

भाऊ म्हणाला, आत्ताच्या आत्ता पुसून टाका. तिने त्याला हाताने थांबवलं. अपेक्षांच्या रकान्याकडे बघत मला आमच्या अहिराणीत म्हणाली, "हाई मी लिखेल नही. पन ज्यानासाठे लिखेल शे, तो कोन शे?"

मी दादाबद्दल सांगितलं. सगळं सांगितलं, नकारांसकट.

दादाला कुठे न्यावं लागलं नाही, तीच भावाबरोबर आमच्या घरी आली आणि होळीनंतर लग्न झालं. आता दादा कारखान्यातून आला की दोघं गॅलरीत बोलत बसतात. त्याला एवढं बोलता येतं हे आम्हाला माहीतच नव्हतं... आतून ऐकताना मला अजूनही भरून येतं.

आता कारणाचं. मंजुषा हे नाव मी पूर्वी कुठेतरी ऐकलेलं असेल, बालवाडी आणि कडोदरा हा योगायोग असेल, मान्य. पण माझ्या लॅपटॉपच्या बाहेर न गेलेलं पान तिच्या मोबाइलवर कसं पोचलं? लॉग, म्हणजे पान कुणी कधी उघडलं याच्या नोंदी तपासल्या, त्यात माझ्याशिवाय कुणाचीही भेट नाही. कोड वाचून काढला. त्या सीएमएसच्या फोरमवर विचारलं. तिथल्या भल्या माणसांनी नाना शंका काढल्या, मी एकेक तपासली, शेवटी त्यांनीही हात टेकले. उत्तर आजही नाही. भूत नव्हतं एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगते.

फक्त एक अडचण झाली आहे. आई परवा माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आते तुनासाठे बी एक भरी टाक वं माय."

मी हसले आणि नवीन स्थळाचं पान उघडलं. डमी नावं मी आजवर शेकड्याने टाइप केली आहेत, कधी विचार केला नाही. पण त्या रिकाम्या रकान्यासमोर माझी बोटं हलेनात. मी लिहीन तो माणूस, त्या गावात, त्या वयाचा, आत्ता कुठेतरी जेवायला बसला असला तर?

पान अजून कोरंच आहे. आई रोज विचारते.