भोंगा झाला की भात

तुमसर रोडला गाडी थांबते ती नावापुरतीच, आणि तेवढ्यात माय तांदळाचं पोतं डब्यात कोंबत होती. माझा नवरा प्रमोद म्हणाला, "मामी, हिमाचलात तांदूळ भेटते." माय म्हणाली, "भेटत असन. तो आपला थोडी आहे!" बाबा पहिल्या पाळीतून तसेच आले होते. चिखल्याच्या खाणीतल्या मॅंगनीजची काळी माती नखांत होती. त्यांनी प्रमोदला एवढंच सांगितलं, "बोगद्यात शिरलास का वरचा दगड ठोकून पाहाजो. पोकळ वाजला तं मांगं सरजो." मला काहीच नाही. मी मनात म्हटलं, घ्या, जावयाला सगळं सांगून झालं, पोरीला निरोपसुद्धा नाही! गाडी हलली तेव्हा खिडकीपाशी चालत चालत म्हणाले, "भात खात जाजो." बस.

चिखल्याच्या कॉलनीत वाढलेल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. आमचं घड्याळ म्हणजे खाणीचा भोंगा. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की सगळ्या क्वार्टरांतून एकदम भांड्यांचे आवाज यायचे. माय म्हणायची, "भोंगा झाला, भात मांड." बाबा वर येऊन, टोपीचा दिवा जमा करून, आंघोळ करून घरी पोचायचे तोवर भात तयार. भोंगा झाला म्हणजे बाबा जिवंत वर आले, असा आमच्या घरी त्याचा अर्थ होता. माझ्या हाताला तर इतकी सवय, की डोकं कुठंही असो, भोंग्यासरशी हात तांदळाच्या डब्याकडं जायचा.

प्रमोदही आधी खाणीतच कंत्राटावर होता. ड्रिलिंगचं काम येत होतं, म्हणून पहाडातल्या वीजप्रकल्पाच्या बोगद्यावर घेतला. आम्ही सतलजच्या खोऱ्यात एका गावी बिमला अम्मांच्या घरी खोली घेतली. अम्मा एकट्याच. मुलगा शिमल्यात पर्यटकांची टॅक्सी चालवतो. खाली अम्मांची सफरचंदाची बाग, मागं दगडातून येणारा पाण्याचा झरा, आणि घरात एक माग, ज्यावर कधीकाळी शाली विणल्या जायच्या आणि आता कांदे सुकतात.

मी सपाट मुलखातली बाई. आमच्याकडं धानाच्या बांध्यांच्या पलीकडं तलाव, तलावाच्या पलीकडं पुन्हा बांध्या, नजर कुठं अडत नाही. तिथं दुपार पुरती होत नाही तोच सूर्य डोंगराआड. उघड्या गंजात, म्हणजे पातेल्यात, भात शिजायचाच नाही, वरून मऊ आणि आत कणी. कुकर घेतला तेव्हा कुठं जमलं. प्रमोद गेला की दिवसभर मी आणि तो डोंगर. बोलायला कोणी नाही. गावच्या बाया नळावर भेटायच्या, पण मी आले की बोलणं थांबायचं. "टनलवाली" म्हणायच्या मला. माझं नाव विचारायची गरज कोणाला वाटली नाही. रडले, खोटं कशाला बोलू? मायला फोनवर मात्र सांगायची, "मस्त आहे वो, सफरचंदं खाऊन राहिली."

ते खोरं तीन गोष्टींवर जगतं. सफरचंद, पर्यटक आणि वीज. शेजाऱ्यानं गोठ्याचा होमस्टे केला होता, गाय विकून टाकली. हंगामात मी अम्मांच्या बागेत पेट्या भरायला जायची, लहान-मोठं फळ वेगळं करायची. त्यांची सफरचंदं दिल्लीला जातात, वीज कुठल्या कुठं जाते आणि अम्मांच्या घरी मात्र दिवे जातात. मला हसू यायचं. आमचंही तेच की! चिखल्याचा दगड ट्रकमधून जातो, तुमसरचा तांदूळ मिलमधून जातो, आणि उरलीसुरली आम्ही माणसं तुमसर रोडवरून जातो.

तर तो पहिला भोंगा. जाऊन थोडेच दिवस झाले होते. दुपारी भोंगा झाला, अगदी आमच्या खाणीसारखा लांबलचक, आणि माझा हात तांदळात गेला. इतकं बरं वाटलं, काय सांगू! चला, पाळी सुटली, प्रमोद येईल. मी गाणं गुणगुणत तांदूळ धूत होते, आणि बाहेर सगळं गाव घरं सोडून अंगणात पळत होतं. कारण तिथं भोंगा म्हणजे सुरुंग. बोगद्यात स्फोट व्हायच्या आधी वाजवतात, जुन्या दगडी घरांतून माणसांनी बाहेर यावं म्हणून. अम्मा धावत आत आल्या आणि माझं मनगट धरून मला ओढत नेलं. "चावल बाद में! बाहर!" जमीन हादरली. माझ्या हातातून तांदळाचं पाणी गळत होतं आणि सगळं गाव माझ्याकडं पाहत होतं. लाजेनं मेले मी.

त्या दिवसापासून भोंगा झाला की अम्मा अंगणातून हाक मारायच्या, "सविता!" आख्ख्या गावात माझं नाव तेवढ्या एका बाईच्या तोंडी. मला ऐकू येत असायचंच, तरी मी हाक येईपर्यंत थांबायची. मग शेजारी शेजारी उभं राहायचं, जमीन हलून थांबेपर्यंत.

पुढच्या वर्षी मागचा झरा आटला. आधी बारीक झाला, मग नुसता दगड ओला राहिला, मग तोही कोरडा. बाग सुकायला लागली. बोगद्यानं पाणी ओढलं असं गाव म्हणायचं, कंपनीचे लोक म्हणायचे पाऊसच कमी. खरं काय ते मला ठाऊक नाही. पण माझा नवरा त्याच डोंगरात भोकं पाडत होता हे तर खरं. गावचे लोक येऊन अम्मांना सांगून गेले, भिंतीआडून मी ऐकलं, की या भाडेकरूंना काढ. अम्मा काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्याशीही नाही आणि माझ्याशीही नाही. प्रमोद म्हणाला, "दुसरी खोली पाहू." मला खोली नको होती. मला ती हाक हवी होती.

आणि भोंगा झाला. मी दाराशी उभी. अंगणात पावलं वाजली, लोक जमले. हाक नाही. मी म्हटलं, जाऊ दे, नाही तर नाही! गेले आत, तांदूळ धुतले, भात मांडला. चिखल्यासारखा. सुरुंग उडाला, ताटल्या खणखणल्या, आढ्यातून माती भातात पडली, आणि मी तिथंच हमसून हमसून रडले.

अम्मा आत आल्या. "बाहर क्यों नहीं आई?"

"तुम्ही बुलाया नहीं," मी म्हटलं, तशीच, अर्धं मराठी, अर्धं हिंदी.

"नाराज हूँ तुझसे। तो क्या मरने दूँगी?" म्हणाल्या आणि मातीचा भात बाहेर ओतून आल्या. झरा काही परत आला नाही. हाक मात्र परत आली.

आता बोगदा आरपार झाला. प्रमोदला अरुणाचलात पाठवलंय, तिथं बायकामुलांची सोय नाही. म्हणून मी तुमसरला. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडावी लागली, आता राइस मिलच्या मागं घर घेतलंय. इथं बाबा सकाळी उठून नव्या घराचं छत काठीनं ठोकून पाहतात आणि माय हसते. लहानपणीचं दार दुसऱ्या कोणाचं झालंय. अम्मांचा फोन येतो, "सीजन आ गया, पेटी कौन भरेगा?" माय ऐकत असते. तिला वाटतं मी राहावं. मलाही तेच वाटतं, आणि तेच वाटत नाही.

परवा दुपारी मिलचा भोंगा झाला. मी पलंगावरून उठले आणि अंगणात धावले. अनवाणी, पदराचंही भान नाही. शेजारीण कपडे वाळत घालता घालता माझ्याकडं पाहत राहिली. काहीच हललं नाही. आतून तांदळाच्या डब्याचा आवाज आला. बाबा घरातच खुर्चीवर बसलेले, तरी भोंग्यासरशी मायचा हात डब्यात गेलाच होता. पहाडात भोंगा झाला की मला माय आठवायची, आणि इथं भर उन्हात उभी राहून मी अम्मांच्या हाकेसाठी कान लावून होते.

माय ओल्या हातानं दारात आली. "काहून पळालीस वो? काय झालं?"

मी तिथंच उभी. माय पायरी उतरून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. तिच्या बोटांतून तांदळाचं पाणी गळत होतं.

"कायले उभ्या आहो आपन?" तिनं विचारलं.

"थांब ना जराशी," मी म्हटलं.

ती थांबली.