डब्यातलं शेवटचं मुठेल

माणूस जातो, पण त्याच्या हाताची खूण मागे उरते. शोकसभेत हे वाक्य कोणीतरी म्हणतंच, आणि त्यानंतर बहुधा एखाद्या सभागृहाचा किंवा पाणपोईचा उल्लेख येतो. माझ्या सासूबाईंच्या हाताची खूण स्वयंपाकघरातल्या फडताळात, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात होती. आकाराने रायवळ आंब्याएवढी, रंगाने मळकट पिवळी, आणि वासाला फारशी बरी नाही.

ते मुठेल होतं. रातांब्याच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल तरंगतं. ते काढून निवत ठेवायचं आणि थिजत आलं की मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे. मुठीत वळतात म्हणून मुठेल. कोकणाबाहेर याला कोकम बटर म्हणतात आणि छोट्या काचेच्या बाटलीत विकतात. आमच्याकडे ते टाचांच्या भेगांवर लावतात. प्रत्येक गोळ्यावर करणारीच्या चार बोटांच्या खाचा आणि अंगठ्याचा खळगा उमटतो. डब्यातल्या शेवटच्या गोळ्यावर सासूबाईंची बोटं होती. गेल्या भाद्रपदात त्या गेल्या, तेव्हापासून मी तो गोळा वापरला नव्हता. माझ्या टाचा मात्र भेगाळतच होत्या.

आमचं फार प्रेम होतं असं नाही. माझे यजमान बोटीवर असत, त्यामुळे वर्षातले बरेच महिने घरात आम्ही दोघीच. ते वारले त्यानंतरही आमच्या दिनक्रमात विशेष फरक पडला नाही. ही गोष्ट समाचाराला येणाऱ्यांना सांगता येत नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, त्यांनी घर आणि मागीलदार सांभाळलं. मी वाचत बसले की त्या म्हणत, "अगो, त्यात मेलेल्या माणसांचंच लिहिलंय ना? मग ती कुठे पळतायत? आधी जेव." मुठेल करताना कुटणं, उकळणं, भांडी घासणं ही कामं माझ्याकडे. शेवटचं वळणं त्यांच्याकडे. एकदा मी हात पुढे केला, तेव्हा माझा गोळा बशीत उकलला. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "तुझी मूठ सैल गो." त्यानंतर मला कधी विचारलं नाही.

यजमान गेले त्या वर्षी मी घरभर अनवाणी फिरत होते आणि फरशीवर रक्ताचे ठिपके पडत होते. एका दुपारी त्यांनी लोखंडी पळीत मुठेलाचा तुकडा वितळवला, माझ्यासमोर खाली बसल्या, माझा पाय मांडीवर घेतला आणि टाच भरली. उठताना म्हणाल्या, "आता फरशीवर नाचू नको, डाग पडतात."

थंडी सरताना शेजारची सून मला एका कार्यशाळेला घेऊन गेली. विषय होता घरच्या घरी नैसर्गिक बॉडी बटर आणि अंग घासायच्या वड्या. "काकू, संध्याकाळी एकट्या बसून काय करता?" असं तिने विचारलं आणि मी नाव दिलं. येताना घरातला एखादा स्निग्ध पदार्थ आणायचा होता. मी डबा नेला. वापरायला नव्हे, घरात तेवढंच होतं आणि रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही.

मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर आधी दीपप्रज्वलन झालं, मग पाहुण्यांना नारळ दिले, मग पाहुण्यांनी त्वचा हा शरीराचा सर्वांत मोठा अवयव असल्याचं सांगितलं. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या होत्या. "मैत्रिणींनो, आज आपण नुसतं बटर बनवणार नाही, स्वतःशी नातं जोडणार आहोत," त्या म्हणाल्या. समोर बायका खोबरेल तेलाचे स्टीलचे डबे घेऊन बसल्या होत्या. एकीने साजूक तूप आणलं होतं आणि ती ते झाकून ठेवत होती.

मॅडमनी माझा गोळा उचलून सगळ्यांना दाखवला.

"रॉ कोकम बटर! आणि हे बोटांचं टेक्स्चर बघा, किती ऑरगॅनिक. काकू, हेच वितळवू या."

"नको," मी म्हटलं.

"का?"

"दाखवायला आणलंय."

"काकू, धरून नसतं ठेवायचं. सोडायला शिकायचं."

मी गोळा परत घेतला आणि डब्याचं झाकण लावलं. मग मला त्यांच्या पिशवीतलं शुभ्र, वास काढून टाकलेलं कोकम बटर विकत घ्यावं लागलं. ते वितळवून त्यात खोबरेल घातलं, गार केलं आणि रवीने घुसळलं, लोण्यासारखं फुललं. वड्यांसाठी त्याच मिश्रणात तांदळाची बारीक कणी आणि संत्र्याच्या वाळल्या सालीची पूड घातली. मॅडमचे साचे पुरले नाहीत म्हणून शेजारच्या सुनेने आपलं मिश्रण घरी नेलं आणि मोदकाच्या साच्यात थापून फ्रीजमध्ये ठेवलं. तिचा नवरा पालीला नोकरीला आहे. संध्याकाळी दमून आला, त्याने त्यातला अर्धा मोदक खाल्ला आणि म्हणाला, "कणी कच्ची राहिल्ये."

घरी जाताना वाटेत तिने विचारलं होतं, "आजींच्या बोटांचं ना ते?"

मी हो म्हटलं. तिने पुढे विचारलं नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे.

माझं बॉडी बटर चैत्र लागेपर्यंत टिकलं. मग ते बाटलीत पातळ होऊन पडलं. फ्रीजमध्ये ठेवलं तर दगड, बाहेर काढलं तर तेल. पुण्याच्या प्रमाणात रत्नागिरीची हवा धरलेली नसावी. टाचा जशाच्या तशा होत्या. फडताळ उघडलं की डबा दिसायचा. मी खाचांकडे बघायची आणि झाकण लावायची.

वैशाखात मागीलदारचं झाड रातांब्यांनी लाल झालं. कोण आहे, कोण नाही याच्याशी झाडाला कर्तव्य नव्हतं. फळं सडायला लागली तशी मी ती फोडली, सोलांसाठी सालं मिठात घातली, बिया उन्हात टाकल्या. मनात हिशेब साधा होता: आपलं मुठेल आपण केलं, तर त्यांच्या गोळ्याला हात लावावा लागणार नाही. बिया कुटल्या, उकळल्या, तेल काढलं. तोवरचं सगळं मला येतच होतं. मग हात गार पाण्यात बुडवून मी पहिला गोळा दाबला. उकलला. दुसरा वळला, पण बटाट्यासारखा. त्याच्यावर कुठल्याच बोटाची खूण नव्हती. मागून कोणी काही बोललं नाही. तेव्हा घर फार रिकामं वाटलं.

किती जोर लावायचा ते कळावं म्हणून मी डबा उघडला आणि त्यांचा गोळा मुठीत घेतला. त्यांची बोटं माझ्यापेक्षा आखूड होती, तरी खाचांमध्ये माझी बसली. करंगळीची खाच सर्वांत खोल होती. त्या जोर करंगळीने लावत, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. आम्ही एकमेकींचा हात कधी धरला नव्हता. तशी आमच्यात पद्धत नव्हती. मी गोळा तसाच धरून मागच्या पायरीवर बसून राहिले.

तेवढ्यात कुंपणाच्या गडग्यापलीकडून शेजारच्या सुनेने हाक मारली.

"काकू, सोलं घातलीत का?"

"घातली."

"मीठ कुठलं? आमच्याकडे या वर्षी पाणीच सुटत नाही."

ती चिऱ्यांच्या गडग्याशी आली आणि मीही उठून गेले. मिठावरून आम्ही सासूंवर आलो, सासूंवरून तिच्या नवऱ्यावर. त्याने आता फ्रीजमधलं काहीही विचारल्याशिवाय खायचं नाही असं ठरवलं होतं. "परवा श्रीखंडाचा डबा घेऊन विचारतो, हे कुठे लावायचं," ती म्हणाली. मी हसले. आदल्या दिवसापासून मी कोणाशी बोलले नव्हते, म्हणून मीच विषय वाढवत गेले. तिने दोनदा "चला, कुकर लावते" म्हटलं आणि दोन्ही वेळा मी नवीन काहीतरी विचारलं. ऊन डोक्यावर होतं. माझी मूठ पाठीमागे होती.

ती आत गेल्यावर मी मूठ उघडली. गोळा बाहेरून मऊ पडला होता आणि बोटांच्या फटीतून तेल मनगटापर्यंत आलं होतं. आखूड खाचा बुजल्या होत्या. त्यांच्या जागी लांब बोटांचे चार नवे दाब होते, अगदी स्पष्ट. मूठ सैल नव्हती.

मी गोळा डब्यात ठेवला. मग पुन्हा बाहेर काढला, कारण आता तो ठेवण्याचं कारण उरलं नव्हतं. सुरीने तुकडा पाडला, लोखंडी पळीत वितळवला आणि पायरीवर बसून दोन्ही टाचा भरल्या. स्वतःचा पाय स्वतःच्या मांडीवर घ्यायला या वयात त्रास होतो. पळी ठेवायला आत गेले आणि वळून पाहिलं, तर दारापासून ओट्यापर्यंत फरशीवर माझ्या टाचांचे ठसे उमटले होते.

कोकमतेलाचे डाग भांडी घासायच्या साबणाने निघतात.